मुलगी आत आवरते आहे

डॉक्टरांनी छातीला नळी लावली की दुर्गाकाकू विचारायच्या, "मुलाचं शिक्षण काय?" डॉक्टर साठीचे, नातवंडं असलेले. बिचारे गोरेमोरे होऊन "एम.बी.बी.एस." म्हणायचे. ते गेले की काकू मला बाजूला घेत. "स्थळ चांगलं आहे गं, पण थोराड वाटतो."

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास मी मालाडच्या एका वृद्धाश्रमात नर्स होते. काकूंची आठवण मागे जाता जाता एका दुपारी येऊन थांबली होती. त्या दुपारी त्यांच्या सुधाला बघायला पाहुणे यायचे होते, आणि ते आता रोजच यायचे. चार वाजले की काकू लुगडं बदलून, केसांना तेल लावून व्हरांड्यात उभ्या. फाटकातून येईल तो मुलाकडचा. "या, बसा. आमचं आपलं साधंच असतं हं. मुलगी आत आवरते आहे." एकदा दूधवाल्या भैय्याला त्यांनी गोत्र विचारलं. तो म्हणाला, "माँजी, मेरी तो शादी हो गयी." काकू अशा भडकल्या! "मग आलात कशाला?"

मला मात्र त्या बाहेर येऊ देत नसत. "तू आतच बस, बाय. गोरी आहेस. सुधाला बघायला येतील नि तुला पसंत करून जातील. झालंय एकदा तसं." मी पस्तिशीची, दोन मुलांची आई. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं. पडद्यामागे बसून मी मुकाट्याने सगळ्यांच्या गोळ्या लावून ठेवायचे.

खऱ्या सुधाताई दर रविवारी यायच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर, डोळ्यांना चष्मा, केस पिकलेले. नकारांवर नकार आले, मग स्थळं यायचीच थांबली आणि मायलेकी दोघीच राहिल्या. सुधाताई ड्यूटीवर असताना काकू पाहुण्यांना आणायला एकट्याच स्टेशनवर जायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी मन घट्ट करून आईला इथे ठेवलं. दर वेळी त्या सांगायच्या, "आई, अगं मीच सुधा." काकू हसायच्या. "काहीतरीच तुमचं! आमची सुधा वीस वर्षांची आहे." आईने एकदा ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं. परत जाताना त्यांच्या तोंडाकडे मला बघवत नसे.

एका रविवारी काकूंनी पोह्यांची बशी सुधाताईंच्या हातात दिली, पण त्यांचा हात काही सोडला नाही.

"विहीणबाई, रंगाने सावळी आहे, लपवत नाही. पण फार मायेची आहे हो. माझ्या दुखण्यात सगळं तिनेच केलं. तुम्ही तरी नाही म्हणू नका. किती वेळा नटून बसायचं पोरीने?"

सुधाताई पदर सारखा करून म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पडद्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुधे, ऐकलंस का गं?"

पडद्यामागे मी एकटी.

"ऐकलं, आई," खुर्चीवरून सुधाताई म्हणाल्या.

काकूंनी मग मलाही हाक मारली. "तूही ये गं आता बाहेर. आता भीती नाही."

मला बाहेर यायला जरा वेळ लागला.