बेंग चुआनचा कागदी फोन

साउ हूनच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्याच्या फोनची कटकट काही संपली नव्हती. चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला, मेलेल्यांना घरी येता यावं म्हणून पलीकडचे दरवाजे उघडले आणि पहिल्याच रात्री बेंग चुआन तिच्या स्वप्नात आला. त्याला तिकडे पोचावा म्हणून गेल्या वर्षी तिनं जाळलेला कागदी फोन त्याच्या हातात होता. उंबऱ्यात उभा राहून तो फोन सारखा हलवून बघत होता. बोलला मात्र काहीच नाही.

सकाळी पावाला काया, म्हणजे नारळाचा जॅम, लावता लावता तिनं हे मुलाला, का सेंगला सांगितलं. त्याला कामावर जायची घाई. तोंडात घास कोंबत तो म्हणाला, "अपडेट झाला नसेल, आई. जुन्या सिस्टीमचा होता ना तो."

त्यानं आपली गंमत केली होती, पण ती आईच्या डोक्यात जाऊन बसली. बेंग चुआन गेला तोच मुळी फोनची नवी सिस्टीम यायच्या तोंडावर. "एवढी बघून जाऊ द्या," असं तो डॉक्टरांना म्हणाला होता. आता यंदाच्या सिस्टीमची हवा सगळीकडे पसरली होती. या खेपेला म्हातारा मागे राहता कामा नये, असं साउ हूननं मनाशी पक्कं केलं आणि ती थेट खोरच्या दुकानात गेली.

खोरचं दुकान कागदी वस्तूंचं. कागदी सदरे, कागदी मोटारी, बांबूच्या कामट्यांवर चढवलेले कागदी बंगले. जिवंतपणी भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांना त्यानं मेल्यावर तिमजली घरं बांधून दिली होती.

"खोर, यंदा नव्या सिस्टीमचा फोन कर."

"आँटी, ती अजून आलीच नाही! महिना संपून दरवाजे बंद होतील, त्यानंतर येणार. कंपनीनंसुद्धा अजून कुणाला दाखवली नाही."

"मग अंदाजानं कर. सारं जग अंदाजच तर करतंय."

खोरनं कात्री उचलली.

त्या दिवसापासून का सेंगच्या मागे काम लागलं. रोज संध्याकाळी आईला अफवा वाचून दाखवायच्या आणि आईनं त्या सकाळी खोरला पोचवायच्या.

"बाबा वाचायचे तेव्हा 'पुरे करा तुमचं पुराण' म्हणायचीस," का सेंग कुरकुरला.

"तेव्हा मला त्याचं काम नव्हतं. वाच."

पडद्यावरची चित्रं म्हणे काचेसारखी आरपार दिसणार. खोरनं पारदर्शक कागद लावला. बॅटरी दुप्पट चालणार. खोरनं आत पुठ्ठ्याचा जादा तुकडा सरकवला. फोनला मालकाचा मूड कळणार. यावर खोर बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि शेवटी त्यानं कोपऱ्यात एक समजूतदार चेहरा काढला.

हा फोन गल्ल्यावर वाळत असताना शेजारच्या गाइक लीन आँटीची नजर त्याच्यावर पडली. झालं! साउ हूनचा नवरा नवी सिस्टीम वापरणार आणि आपला नवरा काय जुनाच फोन कानाला लावून बसणार? तिनं जागेवरच दोन सांगितले, एक नवऱ्याला आणि एक सासऱ्याला. "सासऱ्याचा मोठ्या अक्षरांचा कर. आणि नवऱ्याच्या फोनवरून इपो गावच्या त्याच्या त्या बाईला फोन लागता कामा नये. ती पण गेली गेल्या वर्षी."

"नव्या सिस्टीममध्ये तशी सोय आहे का, मला माहीत नाही," खोर म्हणाला.

"असेल. नसली तर कर!"

दोन दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली. ज्याच्या त्याच्या मेलेल्या माणसाला नवी सिस्टीम हवी, आणि प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. खोरची बंगल्यांची कामं मागे पडली. लोकांनी फोन नेले, दुकानासमोरच्या पत्र्याच्या पिंपात जाळले आणि समाधानानं घरी गेले.

तेवढ्यात नवी अफवा आली. चित्रं काचेसारखी नाहीतच, जुन्यासारखी सपाटच राहणार! गाइक लीन तावातावानं दुकानात शिरली.

"खोर, खोटा माल दिलास तू! माझ्या सासऱ्याची तिथं शोभा झाली असेल! परत घे."

"कुठंय फोन?"

"कुठंय म्हणजे? जाळला की!"

"जाळलेला माल परत घेत नाही, आँटी."

साउ हूननं मात्र नवऱ्याचा फोन अजून जाळला नव्हता. दर अफवेला ती तो दुरुस्तीला आणायची. काच काढली, परत लावली, वरून सपाट कागद डकवला. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा फोन मूनकेक मिठाईच्या डब्याएवढा जाड झाला होता. त्यातच का सेंगनं ताजी बातमी आणली, सिस्टीम अजून लांबणीवर पडली.

साउ हून तो डबा मांडीवर घेऊन बसली. तिचे डोळे भरून आले.

"मी दोनदा मागे ठेवलं रे त्याला," ती म्हणाली. "आज दरवाजे बंद होतील. पुन्हा वर्षभर तो तिथं फोन हलवत बसेल."

का सेंगला आपल्या त्या सकाळच्या विनोदाची लाज वाटली. तो तिच्याजवळ टेकला. "आई, बाबांना एक तरी नवी सिस्टीम आवडली होती का?"

साउ हून आठवू लागली. सिस्टीम आली की म्हातारा दोन दिवसांत म्हणायचा, "बंडल आहे! खरी मजा पुढचीत." आणि लगेच पुढच्या सिस्टीमच्या अफवा वाचायला घ्यायचा. ती कोलंबी सोलत असायची, तो काळी कॉफी पीत मोठ्यानं वाचत असायचा आणि ती ऐकत नसायची. सगळा संसार असाच झाला होता. त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय होती हे तिला या दोन वर्षांत कळलं होतं.

तिनं डोळे पुसले. "त्याचा फोन चालू होता रे. त्यात वाचायला काही नव्हतं! ऊठ, त्या सगळ्या अफवा छापून आण."

"सगळ्या? अगं, निम्म्या खोट्या आहेत."

"खोट्याच जास्त आवडायच्या त्याला."

संध्याकाळी खोरनं डब्यावरचे सगळे थर सोलले आणि आतला साधा फोन तिच्या हातात दिला. तिनं तो पिंपात ठेवला आणि अफवांचा गठ्ठा वर टाकला. कागद चांगले भडकले.

दुसऱ्या दिवशी खोर दुकान उघडतोय तोच साउ हून हजर. चेहरा रागानं लाल, पण डोळे हसत होते.

"आला होता रात्री. जाता जाता येऊन बसला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत. मी म्हटलं, कसे आहात? तर नुसतं 'हं'. जेवलात का? 'हं'. मान वर करून बघितलं नाही मेल्यानं! सारखा आपला वाचतोय."

"मग वाईट वाटलं असेल तुम्हाला," खोर म्हणाला.

"वाईट कसलं? अगदी पहिल्यासारखा होता."

तिनं पिशवीतून फोन काढला आणि मुलाला लावला. "का सेंग, कामात आहेस का? बरं, या सिस्टीमच्या पुढची जी येणार आहे ना, तिचं काही ऐकू येतंय का बघ. आत्तापासून साठवलेलं बरं."