दांडीवरचा पोरगा

रेश्माची अक्कलदाढ अखेर काढायचीच ठरली आणि तिला भर दुपारी महाडला जावं लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

"पोरांना शाळेतून आणायचं हाय," निघता निघता ती नवऱ्याला, सुनीलला, म्हणाली. "स्कूटी मी नेतेय. तुमी रिक्षा करा."

"रिक्षा कशाला गो? बाबांची सायकल हाय की."

"पोरं दोन हायत. वर हा पाऊस."

"बाबांनी आमा तिघा भावंडांना एकदम नेलंय दासगावला. याच सायकलीवरून."

"ते बाबा होते," असं म्हणून रेश्मा गालावर हात दाबून निघून गेली.

एवढं ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने रिक्षा बोलावली असती. सुनीलने पडवीतली सायकल काढली, हवा भरली, चेनीला तेल सोडलं (निम्मं पॅन्टला) आणि पुढच्या दांडीवर लहान पोरांसाठी असलेली ती छोटी सीट आवळून बसवली. तो मुंबईला नोकरीला. भातलावणीसाठी आठवड्याची रजा टाकून वाडीत आला होता. लेक अक्षदा पहिलीत, ती बापाशी भरभरून बोलायची. पण चार वर्षांचा चंदू बाप आला की आईच्या मागे लपायचा, आणि जरा ओळख दाखवायला लागला की बापाची रजा संपायची. आज सायकलीवर पुढे बसवून त्याला जिंकायचंच, असा सुनीलचा बेत होता.

शाळा आणि अंगणवाडी उतारावरून खाली, मोठ्या रस्त्याच्या कडेला, एकाच पटांगणात. सुनील पोचला तेव्हा पाऊस आडवा कोसळत होता. अक्षदा शाळेच्या दारातच उभी होती. तिला कॅरियरवर बसवून तो अंगणवाडीपुढे गेला आणि बघतो तर काय, पडवीत ओळीने नुसते पिवळे रेनकोट! डोक्यावरच्या टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या. हे रेनकोट वाडीच्या मुंबई मंडळाने वाटलेले. "रंग एकच ठेवा, पोरापोरांत भेदभाव नको," असं मंडळाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगणारा सभासद म्हणजे सुनीलच.

"चंदू!" त्याने हाक मारली.

एका रेनकोटाने हात वर केले. (सायकल बघून कुठलंही पोर हात वर करेल, हे सुनीलला फार उशिरा सुचलं.)

"ताई, नेतो हां!" तो आत ओरडला. पत्र्यावर पाऊस तडतडत होता. आतून कसला तरी आवाज आला, तो त्याने होकार समजला. खरं तर सेविका मैनाताई खिचडीचं पातेलं घासत होत्या.

"आता ऐका," सुनीलने पोरांना बजावलं. "रस्ता निसरडा हाय. घर येईस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाय. माझा ब्यालन्स जातो."

आणि स्वारी निघाली. ट्रकने उडवलेलं पाणी अंगावर घेत, खड्डे चुकवत (चुकवलेले दोन, बाकीचे सगळे घेतले), चढावर उतरून ढकलत सुनील चालला होता. पण मनातून तो हरखला होता. कारण दांडीवरचं पोर हँडल धरून मजेत डोलत होतं आणि मध्येच मागे रेलून त्याच्या छातीला डोकं टेकवत होतं. आपला चंदू, आपल्या छातीला! सुनीलच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसात ते कुणाला कळणार होतं?

घरी पडवीत सायकल टेकवून त्याने लाडाने पोराची टोपी मागे सारली.

आत वेगळाच मुलगा होता.

गोल चेहरा, पुढचे दोन दात पडलेले, आणि सुनीलकडे बघून प्रसन्न हसत होता. सुनील मटकन पायरीवर बसला.

"अक्षे… हा कोण?"

"विनीत," अक्षदा कॅरियरवरून उतरत म्हणाली.

"चंदू कुठं हाय?"

"अंगणवाडीत."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाय?"

"तुमीच म्हणालात, तोंड उघडायचं नाय." मग जरा विचार करून तिने पुस्ती जोडली, "मला वाटलं, बदलून घेतला. हा बरा हाय बाबा. चिमटे काढत नाय."

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता: 'सावधान! अंगणवाडीतून पिवळ्या रेनकोटमधला मुलगा सायकलवाल्याने पळवला. मागे एक मुलगी पण होती. दोन्ही मुलं गप्प होती, गुंगीचं औषध दिल्याचा संशय. इसमाचं वय अंदाजे पन्नास.'

(सुनील चौतीसचा होता. त्या धक्क्यातही हे त्याला लागलं.)

त्याने रेश्माला फोन लावला. तिचं तोंड तेव्हा डॉक्टरच्या ताब्यात होतं. मग त्याने ग्रुपवर लिहिलं: 'तो मीच. घाबरू नका. मुलगा माझ्याकडे आहे.'

पण सुनीलचा नंबर नवा होता, कुणाकडे सेव्ह नव्हता. मग एकाचं उत्तर आलं: 'पोलिसांना कळवा. चोर आपल्याच ग्रुपमध्ये हाय.'

आता परत जाण्याशिवाय इलाज नव्हता, आणि अक्षदाला एकटीला ठेवणार कुठे? पुन्हा दोन्ही पोरं चढवून सुनील उताराला लागला. ब्रेक ओले, लागेनात. दोन्ही पाय जमिनीवर घासत, "सरा, सरा!" ओरडत तो थेट एसटीच्या थांब्यावर जमलेल्या माणसांतच घुसला.

"धरा त्याला!"

सर्वांत आधी कॉलर धरली ती विनीतच्या आजोबांनी, पलीकडच्या वाडीतल्या भागोजींनी. म्हातारा चिखलाने माखला होता, एका पायात चप्पल नव्हती.

"मी परत आणत होतो!" सुनील कळवळून म्हणाला.

"धरल्यावर सगळे असंच बोलतात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"विनू, ये रे, खाली उतर," भागोजींनी नातवाला हात केला.

"नाय," विनीत हँडल घट्ट धरून म्हणाला. "अजून एक फेरी."

सगळी वरात अंगणवाडीत आली. मैनाताई चंदूचं बोट धरून बाहेर आल्या. रोज रेश्माच यायची, त्यामुळे त्यांनी सुनीलला कधी पाहिलेलंच नव्हतं.

"मी चंदूचा बाप! मुंबईला असतो!" सुनील म्हणाला. "विचारा त्यालाच!"

मैनाताई खाली वाकल्या. "चंदू, हे कोण रे?"

चंदूने चिखलाने भरलेल्या, कॉलर धरलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. मग त्याच्या सायकलीच्या पुढच्या सीटवर ऐटीत बसलेल्या विनीतकडे पाहिलं. त्याचा ओठ थरथरला.

"मला नाय माहीत," तो म्हणाला.

सुनीलच्या कॉलरवरची पकड आवळली.

"माझे बाबा हायत ते," अक्षदा म्हणाली. "पण चुकतात."

"मुंबईला काय काम करतोस रे?" भागोजींनी दरडावून विचारलं.

सुनीलने मान खाली घातली. "सिक्युरिटी. गेटवर. चेहरा बघून आत सोडायचं."

अशात रेश्माची स्कूटी आली. तिचा गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

"रेश्मा, हा तुझा नवरा काय?" मैनाताईंनी विचारलं.

रेश्माने रडवेला चंदू पाहिला, दांडीवरचं परकं पोर पाहिलं, नवऱ्याची कॉलर पाहिली. बोलता येत नव्हतं, नाहीतर महाडपर्यंत ऐकू गेलं असतं. बराच वेळ घेऊन (सुनीलला वाटलं, ती विचार करतेय) तिने एकदाची मान हलवली. हो.

भागोजींचा हात सुटला. त्यांनी विनीतला उचलून छातीशी धरलं. "याचा बाप पण मुंबईला," ते म्हणाले. "त्याला काय तोंड दाखवलं असतं रे मी?"

सुनीलने वाकून त्यांचे पाय धरले, आणि म्हाताऱ्याने त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.

दांडीवरची सीट रिकामी झालेली बघताच चंदू धावत आला. बापाकडे न बघता त्याने दोन्ही हात वर केले. सुनीलने आधी टोपी मागे सारली, चेहरा नीट बघितला, अक्षदाकडूनही खात्री करून घेतली आणि मगच त्याला उचललं.

"आणि एक ऐका," मैनाताई मागून म्हणाल्या. "उद्यापासून चंदूला न्यायला नुसते वडील आले तर मी पोर सोडणार नाय. बरोबर कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे."

"वाडीत सगळी लावणीला जातात ताई," सुनील अजिजीने म्हणाला. "जाणतं माणूस मी आणू कुठून?"

मैनाताईंनी कॅरियरकडे पाहिलं.

"अक्षदा चालेल."