साळिंदराच्या टोचीनं कागद वाचला

एका जंगलात, बाळांनो, एक प्राथमिक शाळा होती. अगदी तुमच्या शाळेसारखी. फळा होता, घंटा होती आणि शिकवायला टिटवीबाई होत्या.

बाई पोराजवळ बसत, अक्षरावर चोच टेकवत आणि पोर अडखळलं की थांबत. फार जुनाट पद्धत. तिनं पोरांना वाचता यायचं, पण वेळ किती जायचा!

हे महाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी 'धडधड वाचन अभियान' सुरू केलं. महिन्याभरात सगळी पोरं धडधड वाचली पाहिजेत! कुणाची गैरसोय नको म्हणून परीक्षेचा उताराही आधीच धाडला.

बाई रोज अभियानाचे अकरा तक्ते भरू लागल्या. मग शिकवायचं कधी?

"शिकवताय कशाला?" हेडमास्तर गवेगुरुजी म्हणाले. "उतारा पाठ करून घ्या."

बाईंना ते पटलं नाही. पण नोकरीचा प्रश्न होता. त्यांनी पाठ करून घेतला. साळिंदराच्या टोचीला मात्र काही केल्या पाठ होईना. मग मधल्या सुट्टीत बाई तिला जवळ बसवून गुपचूप जुन्याच पद्धतीनं शिकवत राहिल्या.

तपासणीला तरससाहेब आले. घाईत होते. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी पोरांपुढं धरला आणि स्वतः तक्त्यात डोकं घातलं.

"वाचा!"

"आमचे महाराज दयाळू आहेत. आमचे जंगल हिरवे आहे," ससा धडधडला. माकड धडधडलं. पाडसं तर एका सुरात धडधडली.

टोची उठली. कागदाकडं बघू लागली.

"ओ-ढ्या-च्या... वा-टे-नं... जा-ऊ न-ये. शि-का-ऱ्यां-नी... फा-स..."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी मान लांब करून पाहिलं. तो उतारा नव्हताच! साहेबांनी दरबारची सूचना चुकून काढली होती. आणि पोर कधी न पाहिलेला कागद वाचत होती. बाईंचे डोळे भरून आले.

"साहेब, ती खरंच वाचतेय हो! कागद बघा तरी. ओढ्याकडनं जाऊ नका."

"कागद बघणं माझ्या कामात बसत नाही, बाई. वेग कमी, उतारा चुकीचा. नापास!"

शिक्का मारून साहेब निघाले. जवळची वाट म्हणून ओढ्याकडं वळले.

संध्याकाळी ते फासात उलटे लटकलेले सापडले. जीव वाचला, पाय गेला.

चौकशी समिती बसली. तिचं म्हणणं पडलं, की सूचना मंजूर उताऱ्यात नव्हती, तेव्हा दोष कुणाचाच नाही. शाळेचा निकाल मात्र शंभर टक्क्यांवरून घसरला होता. त्याबद्दल टिटवीबाईंची डोंगरापलीकडं बदली झाली.

निघताना टोचीनं त्यांच्याकडून बदलीचा हुकूम घेतला आणि सावकाश वाचला.

"बाई, यात 'कामात कसूर' लिहिलंय. कसूर म्हणजे काय?"

"म्हणजे तू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला पंखाखाली घेतलं.

तात्पर्य : बाळांनो, वाचायला जरूर शिका. फक्त तपासणीच्या दिवशी कागदाकडं बघू नका.