आगीत अडकलेले सीतारामपंत

आमच्या गिरणीच्या कचेरीला दर महिन्याला खोटी आग लागायची आणि दर महिन्याला सीतारामपंत तीत अडकायचे. नऊ वर्षं दुसऱ्या कोणाला त्यांनी अडकू दिलं नाही.

ही इंग्रजी अमदानीतली गोष्ट. बुऱ्हाणपुरात कापूस पेटणं नवीन नव्हतं, म्हणून गोऱ्या साहेबानं आमच्या तीनमजली कचेरीत आगीची कवायत सुरू केली. घंटा झाली की आम्ही कारकुनांनी हातातलं काम टाकून अंगणात रांगेनं उभं राहायचं. एकानं मात्र मुद्दाम वर मागं राहायचं आणि चार हमालांनी त्याला हुडकून, उचलून खाली आणायचं. हे काम तिसऱ्या मजल्यावरचा दप्तरखाना सांभाळणाऱ्या पंतांनी आपणहून मागून घेतलं होतं.

कवायतीच्या दिवशी पंत दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून यायचे. सकाळी भाकरी अर्धीच खायचे, उचलणाऱ्यांना जड नको म्हणून. घंटा झाली की टोपी छातीवर ठेवून आडवे व्हायचे, कधी कपाटामागे, कधी टेबलाखाली. एकदा जुन्या दप्तरांच्या ढिगात असे शिरले, की शिंकले म्हणून सापडले.

हमालांचा मुकादम भिकाजी जवळच्या निंबोला गावचा. तो खालच्या पायरीपासून ओरडत जायचा, "सीतारामपंत, घाबरू नका, आम्ही येऊ राह्यलो." अडकलेल्याला धीर यावा म्हणून नावानं हाका मारत जायचं, असा साहेबाचा हुकूमच होता.

उचलल्यावर पंतांनी बेशुद्ध असायचं. पण तोंड चालू.

"वळणावर आधी डोकं काढा. भिकाजी, कठडा बघ."

"पंत, तुम्ही तर बेहोस हाय ना?"

"बेहोश आहे म्हणून काय टाळकं फोडून घेऊ?"

अंगणात ठेवलं की उठून टोपी घालायची आणि हमालांना सुनवायचं, "आज हाका कमी पडल्या." हे ठरलेलं. लवकर उरकलं की साहेब खूश आणि पंत नाराज. आम्हाला महिनाभर नकला करायला तेवढं पुरायचं.

मग साहेब बदलला. नव्या साहेबाच्या पहिल्याच कवायतीत जिन्याच्या वळणावर पंतांचा गुडघा दणकून आपटला. साहेब भला माणूस. म्हाताऱ्याचे हाल नकोत म्हणून त्यानं हुकूम काढला, पुढच्या वेळेपासून माणसाऐवजी सरकीची गोणी वर ठेवायची.

पंतांचा चेहरा उतरला. लंगडत साहेबाकडे अर्ज घेऊन गेले. गोणी लपत नाही, गोणी गुदमरत नाही, हमालांना सवय कशी लागणार, असं त्यात मुद्देसूद लिहिलं होतं. साहेबानं अर्ज नीट वाचला, पंतांना खुर्ची दिली, गुडघ्याची चौकशी केली आणि गोणी कायम ठेवली.

पुढच्या कवायतीला पंत आमच्याबरोबर खाली आले. रांगेत कुठं उभं राहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, मी हाताला धरून शेजारी उभं केलं. भिकाजी आणि त्याची माणसं मुकाट्यानं वर गेली आणि गोणी घेऊन निम्म्या वेळात परतली. साहेबानं घड्याळ बघून मान डोलावली.

"कोणी हाक मारली नाही," पंत म्हणाले.

"गोणीला काय हाक मारायची, पंत?" मी हसत म्हटलं.

"तेही खरंच." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "आमची ही होती तोवर घरात हाक होती. नंतर इथं महिन्यातून एकदा व्हायची. माझं नाव घेत चार माणसं जिना चढायची, वामन. बरं वाटायचं."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

रांग मोडली. पंत जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "तुम्ही मंडळी दुपारी खाली बसून डबा खाता ना? मी आलो तर चालेल?"

मी लगेच "या" म्हटलं. पण नऊ वर्षं आम्ही त्याच जिन्याच्या पायथ्याशी गोल करून जेवत होतो. पंत वर एकटे जेवतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांना खाली बोलवायला एक हाक मारावी हे आमच्यातल्या कोणाला एकदाही सुचलं नव्हतं.