आवक-जावकचे बसूअण्णा

बसूअण्णांच्या घरी चहाला गेलात तर ते तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या कपाकडे बघतात. आम्ही जुळे सोलापूर भागात नवीन राहायला आलो, तेव्हा मला वाटलं की कप नव्या सेटमधला असेल, फुटेल म्हणून जपत असतील. नंतर कळलं की ती परीक्षा असते. चहा पुढे ठेवून अण्णा विचारतात, काम काय करता? तुम्ही कामाबद्दल सांगायला लागता आणि अण्णा चहाची पातळी बघत बसतात. बोलता बोलता तुम्ही घोटाघोटानं कप रिकामा केलात, तर निकाल ठरलेला: "हे तुमचं काम न्हवं." आणि बोलण्याच्या नादात चहावर साय धरली, तर अण्णांचा चेहरा उजळतो. मग ते स्वतः उठून तो चहा परत गरम करून आणतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. पेपर तपासणी, ऑनलाइन माहिती भरणं आणि मुख्याध्यापकांच्या मीटिंगा ह्यांबद्दल सांगताना मी अर्धा कप संपवला होता. मग भीमा नदी फळ्यावर कशी काढते ते सांगायला लागले आणि उरलेला अर्धा तसाच राहिला. अण्णांनी मला अर्ध्या मार्कांनी पास केलं. म्हणाले, शिकवणं तुमचं हाय, बाकीची नोकरी सरकारची. तेव्हापासून मी त्यांची टीचरबाई झाले.

अण्णांची स्वतःची नोकरी अख्खी सरकारची होती. एका कचेरीत ते आवक-जावकच्या टेबलाला होते. आलेल्या पत्रावर आवकचा शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर जावकचा. ह्या दोन शिक्क्यांच्या मधल्या काळात पत्राचं काय होतं, हे आपल्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही, असं ते सांगतात. साहेबांनाही कळलं नसावं, असा त्यांना दाट संशय आहे. ही नोकरी त्यांना त्यांच्या वडिलांनी लावली. वडील अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे. पोरगं पहिल्या आठवड्यात रडत घरी आलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सुम्न कूड." म्हणजे गप बस. अण्णा बसले ते निवृत्त होऊनच उठले.

"पोट भरलं की, टीचरबाई," ते म्हणतात. "जीव न्हाय भरला."

हे वाक्य आमच्या कॉलनीत इतक्या वेळा ऐकू आलंय की पोरं डबा खाल्ल्यावरही तसंच म्हणतात.

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, मॉर्निंग वॉकला जातात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. अण्णांनी लोकांना त्यांचं खरं काम शोधून द्यायला सुरुवात केली. फी नाही, बोर्ड नाही आणि मुख्य म्हणजे कुणाची मागणीही नाही.

पहिला बळी आमचा दातांचा डॉक्टर. अण्णा दाढ काढायला गेले होते. तोंडात कापूस कोंबलेला असतानाही त्यांनी डॉक्टरला, हे काम तुम्हाला आवडतं का, असं विचारलं. डॉक्टरला दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं तेव्हा तो हातातलं हत्यार खाली ठेवून स्टूलवर बसला. लहानपणापासून आपल्याला क्रिकेटचा अंपायर व्हायचं होतं, असं त्यानं सांगितलं. खेळाडू नाही, अंपायर. एक बोट वर केलं की सगळे गप. अण्णांनी त्याला असं काही चेतवलं की दुसऱ्या महिन्यापासून तो टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये पांढरा कोट घालून उभा राहायला लागला. कोट दवाखान्यातलाच. आता सामने असले की दवाखान्याला कुलूप असतं, आणि कॉलनीत कुणाचीही दाढ ठणकली की गाल धरून लोक आधी अण्णांच्या नावानं बोटं मोडतात.

त्याहून मोठा घोटाळा शेजारच्या कुलकर्ण्यांच्या मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात झाला. वडीलधारे म्हणून अण्णांना बोलावलेलं. मुलगा पुण्याहून आलेला, आयटीतला. त्याच्या पॅकेजचा आकडा त्याच्या आईनं पोहे येण्याच्या आधीच सांगून टाकला होता. अण्णांनी मुलाला आपुलकीनं विचारलं, दिवसभर काय करता? मुलगा म्हणाला, क्लायंटच्या एक्स्पेक्टेशन्स मॅनेज करतो. म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. मग त्यानं टीमशी अलाइन होणं, फॉलोअप घेणं आणि कॉलवर असणं समजावून सांगितलं. तेवढ्यात चहा संपला होता.

अण्णा म्हणाले, आमच्या वेळी ह्याला आवक-जावक म्हणायचे.

आम्ही सगळे हसलो. मुलगा हसला नाही. तो रिकाम्या कपात बघत बसला आणि हळूच म्हणाला, की त्याला खरं तर केम गावाजवळ मामाच्या शेतावर शेळ्या पाळायच्या आहेत. मग शेळ्यांच्या जातींवर तो जो बोलायला लागला, तो त्याच्या आईनं दंडाला धरून उठवेपर्यंत थांबला नाही. लग्न मोडलं. कुलकर्णी अजून अण्णांशी बोलत नाहीत. आपला जावई शेळ्या राखायच्या विचारात होता हे लग्नाआधी कळलं, त्याबद्दल खरं तर त्यांनी अण्णांचे आभार मानायला हवे होते. पण ते म्हणतात की विचारात असू द्यायचं होतं, विचारायचं कशाला.

आमच्या कॉलनीचं तत्त्वज्ञान नेमकं हेच आहे. इथं रविवारी संध्याकाळी प्रत्येक घरातला कर्ता माणूस उद्या सोमवार म्हणून तोंड पाडून बसतो, आणि मुलांनी आपल्यासारखंच व्हावं म्हणून त्यांना क्लासला घालतो. अण्णांना सगळे येडं म्हणतात. मात्र अंधार पडायला लागला की ह्यातलेच दोघंतिघं, कुणी बघत नाही असं पाहून, चहाला त्यांच्याकडे जातात.

अण्णांचं मार्गदर्शन कधी यशस्वी झालंय का, असं विचारलं की ते एकच नाव घेतात. शारदा, त्यांची मुलगी. शाळेत असताना ती दगड गोळा करायची. वडिलांनी आपल्याला बसवलं तसं हिला बसवायचं नाही, असं अण्णांनी तेव्हाच ठरवलं होतं. तिला जे शिकायचं ते शिकू दिलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेली ती पोर आता हिमालयात बर्फ मोजते. हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आहे. वर्षातले बरेच महिने ती तंबूत असते, आणि खाली उतरून रेंज आली की रविवारी फोन करते. अण्णांची बायको गेल्यापासून घरात ते एकटेच असतात.

आणि मग हे सगळं आमच्या घरात आलं.

माझी मुलगी सई बी.कॉम. होऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागली होती. घरापासून स्कूटीवर जाऊन येऊन, रविवारी सुट्टी, मालक ओळखीचे. आई म्हणून मला आणखी काय पाहिजे होतं? अण्णांनी तिचीही परीक्षा घेतली. अकाउंट्सचं सांगताना तिनं चहा दोन घोटात संपवला. अण्णांनी दुसरा कप आणला आणि जेवणाच्या सुट्टीत काय करतेस म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की ती डबा घेऊन विणायच्या मागापाशी जाऊन बसते. टॉवेलच्या काठाची नक्षी कशी उतरते, एक धागा बदलला तर मोराचा पोपट कसा होतो, हे ती हातवारे करून सांगत राहिली. दुसरा कप अण्णांनी दोनदा गरम केला.

नंतर ती ऑनलाइन डिझाइन शिकली, कारखान्यात दोन-चार नमुने करून दिले, आणि एक दिवस जेवताना म्हणाली की आसामात विणकर बायकांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला बोलावलंय. रेशमावरच्या नक्षीचं काम. पगार इथल्यापेक्षा फार नाही. जायचं म्हणते.

आमचे हे हात धुऊन बाहेर गेले आणि गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छ होती. मी तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, हे खूळ तुम्ही तिच्या डोक्यात घातलंय, आता तुम्हीच काढा. ती तुमचं ऐकते. एकुलती एक पोर इतक्या लांब गेली तर आम्ही काय करायचं?

मला वाटलं होतं, अण्णा वाद घालतील. पण ते चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले.

सईला समोर बसवून त्यांनी जे काही केलं, तसं वाईट मार्गदर्शन त्यांनी आयुष्यात केलं नसेल. आसामात शेंगाची चटणी मिळती का, असं विचारलं. सई म्हणाली, घेऊन जाईन. तिकडं पाऊस लई असतो, कपडे वाळत न्हाईत, असं सांगितलं. सई हसली. हितं डिझाइनचं काम काय कमी हाय, म्हणून झालं. हितं मालकांना दरवर्षी तेच गुलाबाचं फूल लागतं, असं तिनं उत्तर दिलं. मग अण्णांची कारणं संपली. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आईला करमायचं न्हाय, पोरी. घर लई मोठं होतं."

हे ते माझ्या वतीनं बोलत होते. पण आमचं घर दोन खोल्यांचं आहे.

सईचं हसू थांबलं. तिनं मोबाइलवर आसामातल्या त्या बायकांनी विणलेल्या काठांचे फोटो उघडून त्यांच्यापुढे धरले आणि एकेक समजावायला लागली. हे झाड आहे, ही नदी आहे, इथं ह्या बाईंचा धागा चुकलाय आणि तो चुकलेला जास्त छान दिसतोय. अण्णा एकेक फोटो बघत राहिले. मग मोबाइल तिच्या हातात देऊन माझ्याकडे वळले.

"टीचरबाई, मला जमंना झालंय. जाऊ द्या तिला."

सई गेली त्या सकाळी अण्णा स्टेशनवर आले होते. कडक भाकरीचं पुडकं आणि चटणीची बरणी त्यांनी तिच्या पिशवीत स्वतः बसवली. गाडी हलायच्या आधी खिडकीपाशी जाऊन तिला म्हणाले, "फोन करशील तवा आईला जेवलीस का, गोळी घेतली का, एवढंच बोलू नको. कामाचं सांग. कळंना झालं तरी सांग. आमची शारदा माझ्या बीपीच्या गोळीचंच विचारती बघ. तिला वाटतं, बाप आवक-जावकचा, त्याला बर्फातलं काय कळणार."

परत येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की माझा राग कधीतरी निघून गेला होता.

त्या आठवड्यात अण्णा संध्याकाळी माझ्याकडे आले आणि ओशाळून म्हणाले, शाळेतलं भूगोलाचं पुस्तक मिळंल का? हिमनदीचा धडा असलेलं. मी दिलं. ते घेऊन रोज संध्याकाळी यायचे, चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि अडलं की विचारायचे. बर्फ घट्ट असतं तर त्याला नदी का म्हणतात? ते सरकतं तर आवाज येतो का? मी जमेल तेवढं सांगत होते. शनिवारी त्यांनी विचारलं, हे वितळतं ते आधी वरून वितळतं का खालून? मी शिकवताना कधी हा विचार केला नव्हता. मला नक्की माहीत नाही म्हटल्यावर ते उलट खूश झाले. म्हणाले, मग हाच विचारतो.

रविवारी संध्याकाळी मी पुस्तक परत आणायला गेले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. दारातूनच ऐकू आलं. व्हय, जेवलो. व्हय, गोळी घेतली. मग फोन ठेवायच्या आधी असते तसली शांतता.

अण्णांनी घसा खाकरला. "शारदा," ते म्हणाले, "एक विचारू का? तुझं ते बर्फ, आधी वरून वितळतं का खालून?"

मला वाटलं, रेंज गेली. अण्णांनी फोन कानावरून काढून बघितला आणि परत लावला. मग पलीकडून आवाज सुरू झाला. शब्द मला कळत नव्हते, पण आधी सावकाश आणि मग भरभर, एकदा हसून, ती बोलत राहिली.

अण्णांनी मला हातानंच बसायला खुणावलं. मी बसले नाही, पुस्तकही मागितलं नाही. पायऱ्या उतरेपर्यंत त्यांचा आवाज मला एकदाच ऐकू आला.

"बरं. मग?"