निरंक साहेब

जुळे सोलापुरात उभ्या राहत असलेल्या ‘विजयमाला हाइट्स’ या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसाठी सोडलेला एक चौकोनी खड्डा होता आणि त्या खड्ड्याला कठडा नव्हता. या दोन्ही गोष्टी साइटवरच्या बेचाळीस माणसांना ठाऊक होत्या. कागदाला मात्र त्यातली एकही ठाऊक नव्हती, आणि परवानगी शेवटी कागदालाच मिळालेली असल्यामुळे काम सुरळीत चालू होते. खालच्या दोन मजल्यांवर खड्ड्याच्या तोंडाशी विटा रचलेल्या होत्या. तिसऱ्यावर वाळू वाहायची वाट नेमकी त्याच्या कडेने जात होती.

एका मंगळवारी त्या वाटेवर दगडाबाईचा पाय सरकला. दगडाबाई मंद्रूपहून रोज पहिल्या एसटीने येई आणि डोक्यावर घमेले घेऊन दिवसाला तीन जिने चाळीस वेळा चढे. तिने खांबाचा गज धरला म्हणून ती वर राहिली. घमेले खाली गेले. मुकादम सिद्धाप्पाने ते उचलून पाहिले तर ते भाकरीसारखे चपटे झाले होते.

“मुकादम,” दगडाबाई खाली येऊन म्हणाली, “आज घमेलं गेलं. उद्या मी जाईन. तितं दोन बांबू आडवं बांधा की.”

“बांधतो की आक्का. धा मिन्टाचं काम हाय.”

काम खरोखर दहा मिनिटांचेच होते. बांबू होते, तार होती, पक्कड सिद्धाप्पाच्या खिशात होती. पण सिद्धाप्पा सरळ माणूस, त्यामुळे त्याने बांधण्याआधी विचारले. तिथेच त्याचे चुकले.

साइट इंजिनिअर इंद्रजीत तेव्हा सिमेंटच्या गाडीवाल्याशी फोनवर भांडत होता. त्याने फोनवर हात ठेवून शांतपणे समजावले, “बांबूला माझी हरकत नाही, सिद्धाप्पा. पण साइटचा बांबू कुठं लागला ते रजिस्टरला लिहावं लागतं. बांबू लिहिला की खड्डा लिहावा लागेल. आणि खड्डा लिहिला, तर गेले चार महिने आपण काय लिहितोय ते एकदा बघा.” त्याने सुरक्षितता अहवालाची फाइल पुढे सरकवली आणि पुन्हा भांडायला लागला.

सिद्धाप्पा मैंदर्गीचा. शाळा कन्नडमधून, तीही चौथीपर्यंत. मराठी तो बोटाखाली एकेक अक्षर धरून वाचत असे. त्याने वाचले: धोकादायक जागा – निरंक. असुरक्षित कडा – निरंक. अपघात – निरंक. सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव – निरंक.

आपण सुशिक्षित लोक. निरंक म्हणजे ‘काही नाही’ हे आपल्याला कळते. सरकारी रकाना रिकामा सोडायचा नसतो म्हणून त्यात रिकामेपण अक्षरांत लिहायचे, एवढीच त्या शब्दाची नोकरी. पण सिद्धाप्पाने शेवटची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. प्रत्येक रकान्यात ज्याचे नाव, तो माणूस मोठाच असणार.

“हे निरंक साहेब कोण वो?”

इंद्रजीतला चेष्टेची लहर आली. “तेच तर सगळं बघतात! त्यांच्याशिवाय या साइटचं पान हलत नाही.”

मग काय, सिद्धाप्पाने दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि हे अहवाल जिथे जात त्या इमारत सुरक्षितता अनुपालन कक्षाच्या दारातल्या टायपिस्टकडून अर्ज लिहून घेतला. ‘मा. निरंक साहेब, सुरक्षा अधिकारी यांचे सेवेशी. विषय : दोन बांबू आडवे बांधणेस परवानगी मिळणेबाबत.’ दगडाबाई बरोबर होती. पुरावा म्हणून तिने चपटे घमेले काखेत धरले होते.

आवक-जावकच्या टेबलावर महिपती नावाचे कारकून बावीस वर्षे बसलेले होते. त्यांनी अर्जावरचे नाव वाचले आणि कपाळ चोळले. असे कुणी साहेब आपल्याकडे नाहीत, असे ते म्हणू शकले असते. पण रोज पन्नास कागदांवर हे नाव त्यांच्या नजरेखालून जात होते. शिवाय कुणी नव्याने बदलून आलेले, वरपर्यंत हात पोचलेले साहेब असले आणि आपण ‘नाहीत’ म्हटले, तर? महिपतींनी शिक्का मारला.

“साहेब दौऱ्यावर आहेत.”

“कवा येत्याल?”

“दौरा संपला की.”

“आन् तवर खड्ड्याचं काय करायचं?” दगडाबाईने घमेले टेबलावर ठेवले. महिपतींनी ते सहपत्र म्हणून अर्जाला जोडून घेतले.

फाइल फिरू लागली. ज्या टेबलावर जाई तिथे शेरा पडे, ‘मा. निरंक साहेबांकडे वर्ग.’ मग इतर फाइलीही त्यांच्याकडे वर्ग होऊन साठल्या तेव्हा त्या ठेवायला निरंक साहेबांचे टेबल लागले. टेबलामागे खुर्ची आली, खुर्चीमागे टॉवेल आला, दारावर पाटी आली. महिनाअखेरीस कक्षाच्या मुख्य साहेबांनी सर्व अधिकाऱ्यांचा गोषवारा मागवला. निरंक साहेबांच्या नावापुढे महिपतींनी प्रामाणिकपणे भरले: घेतलेल्या रजा, निरंक. विरोधात तक्रारी, निरंक. त्यांच्या अखत्यारीतील साइटवरील अपघात, निरंक. मुख्य साहेबांनी तो तक्ता दोनदा वाचला. असा अधिकारी त्यांच्या सबंध नोकरीत त्यांना भेटला नव्हता, आणि ते अगदी खरे होते.

इकडे साइटवर सिद्धाप्पा स्वतःच कठडा झाला होता. वाळू चढायला लागली की तो खड्ड्याच्या कडेला पाठ करून दोन्ही हात आडवे पसरून उभा राही.

“मुकादम, तुमी पडला तर?” दगडाबाई जाता जाता विचारी.

“निरंक साहेब यायलेत की आक्का. चारच दिस.”

ते चार दिवस तीन आठवडे पुरले. सिद्धाप्पाचे खांदे भरून येत. चहाला जायचे तर वाळू थांबवावी लागे, आणि वाळू थांबली की इंद्रजीत वरून ओरडे. एकदा सिद्धाप्पा खाली सळईची गाडी उतरवून घ्यायला गेला, आणि परत आला तर दगडाबाई भिंतीला चिकटून, डोळे मिटून, एकेक पाऊल टाकत कड ओलांडत होती. डोक्यावर घमेले भरलेले होते. त्याला भीती वाटली होती आणि लाजही वाटली होती.

मग सुरक्षितता सप्ताह आला. उत्कृष्ट अधिकारी म्हणून श्री. निरंक यांचा सत्कार ठरला, आणि तो त्यांच्याच देखरेखीखालच्या, एकही अपघात न झालेल्या साइटवर व्हावा असेही ठरले. ‘विजयमाला हाइट्स’समोर मांडव पडला. मालक शहाजीरावांनी फेटे मागवले. शेल्फमध्ये पाकिटबंद असलेली हेल्मेटे बाहेर काढून व्यासपीठावर रचली, आणि ओरखडे पडू नयेत म्हणून कामगारांना लांब बसवले.

मधली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर शाल आणि नारळ ठेवून मुख्य साहेब बोलायला उभे राहिले. “निरंक साहेब कामात एवढे बुडालेले असतात की स्वतःच्या सत्कारालाही त्यांना सवड होत नाही. यातून आपण काय शिकावं?” टाळ्या पडल्या. महिपतींनी डोळे पुसले.

सिद्धाप्पा शेवटच्या रांगेत उठून उभा राहिला. “साहेब, निरंक साहेबास्नी एक अर्ज दिलता. दोन बांबूचा. त्याचं तेवढं...”

कक्षात नव्याने रुजू झालेल्या अंकिता मॅडम त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना अजून कामाची सवय नव्हती, म्हणून त्यांनी हळूच खरे सांगितले. “अहो मुकादम, निरंक म्हणजे काही नाही. कुणी नाही.”

“कुणीच न्हाय?”

“कुणीच नाही.”

सिद्धाप्पा खाली बसला. तीन आठवडे आपण ज्याच्या भरवशावर हात पसरून उभे होतो तो कुणीच नव्हता. त्याला इतका संताप आला की मराठी सुचेना आणि कन्नडही. दगडाबाईला सुचायचे काही नव्हते. ती उठली, मांडवाच्या मागे गेली आणि तिथले दोन बांबू सोडवून खांद्यावर घेतले. मांडवाचे बांबू कुठल्याच रजिस्टरला नव्हते. कापड सावकाश खाली येऊन मुख्य साहेबांच्या डोक्यावर बसले. त्यांनी आतून भाषण चालू ठेवले.

सिद्धाप्पा खिशातली पक्कड चाचपत तिच्यामागे धावला. काम दहा मिनिटांचे होते, सात मिनिटांत झाले.

बांबू शोधत सगळे मान्यवर फेट्यांसह तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि जागीच थबकले.

“हा खड्डा कुठून आला?” मुख्य साहेबांनी विचारले.

“बांबू बांधल्यामुळं दिसायला लागला, सर,” इंद्रजीत म्हणाला.

“मग बांबू सोडा! अहवालात खड्डा नाही.”

दगडाबाई बांबूला पाठ लावून उभी राहिली. “सोडा बगू कोन सोडतंय ते.”

मुख्य साहेबांनी सिद्धाप्पाकडे पाहिले. सिद्धाप्पाने पक्कड खिशात घातली आणि अगदी अदबीने विचारले, “साहेब, खड्डा निरंक हाय न्हवं?”

“अर्थात.”

“मग बांबूबी निरंक लिवा की. जे न्हाईच, ते आमी सोडायचं कसं?”

मुख्य साहेबांनी मनातल्या मनात सगळे नियम उलटेपालटे करून पाहिले. शेवटी त्यांनी रजिस्टर मागवून स्वतःच्या अक्षरात लिहिले : तिसरा मजला, आडवे बांबू, निरंक. लिफ्ट बसेपर्यंत ते नसलेले बांबू त्या नसलेल्या खड्ड्यापुढे घट्ट उभे राहिले आणि दगडाबाई रोज चाळीस वेळा त्यांच्या कडेने डोळे उघडे ठेवून गेली.

आता तिथे लोक राहायला आले आहेत. चांगले, शिकलेले लोक आहेत. जिन्यात त्यांच्या सायकली आहेत, दारांबाहेर चपलांचे स्टँड आहेत, गच्चीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे यावर दोन मते आहेत. आग विझवायच्या नळकांड्यावर कुणीतरी ओली छत्री अडकवलेली असते. कक्षाकडून दरवर्षी छापील फॉर्म येतो: जिन्यातील अडथळे, बंद मार्ग, मुदत संपलेली साधने. खाली रहिवाशांच्या सह्या लागतात.

निरंक साहेब निवृत्त झालेले नाहीत. सिद्धाप्पाने त्यांना ओळखले तेव्हा ते साइटवरून उठले आणि त्याच इमारतीत राहायला गेले, एवढेच. आता तुम्ही म्हणाल, आमच्या बिल्डिंगमध्ये असलं काही नाही हो. बरोबर. फॉर्ममध्ये तेच लिहायचे असते. फक्त एका शब्दात लिहा आणि खाली सही करा.