सोफ्याचा मूळ रंग

विरूपाक्ष सर आणि शिल्पा तीन दिवसांसाठी देगलूरला लग्नाला निघाले, तेव्हा घराची किल्ली आणि चिंगी नावाची मांजर त्यांनी शेजारच्या लिंबाजींच्या हवाली केली. लिंबाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बायको सुमनबाई नांदेडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यामुळे घरात एकटेच होते. लातूरच्या त्या गल्लीत त्यांच्याइतका रिकामा आणि भरवशाचा माणूस दुसरा नव्हता.

"काही करायचं न्हाई काका," शिल्पा म्हणाली. "दोन टाइम दूध, आणि मागच्या गॅलरीत वाळूचं घमेलं हाय, तिकडं ती आपली आपण जाते."

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाजी दूध घालायला गेले आणि समोर टीव्ही दिसला म्हणून जरा टेकले. क्रिकेटची मॅच रंगात आली होती. गॅलरीतून उन्हाची झळ येत होती, म्हणून त्यांनी उठून मागचं दार ओढून घेतलं. चिंगी दोनदा दारापाशी जाऊन ओरडली. "गप गं, शेवटची ओव्हर हाय," लिंबाजी म्हणाले. ओव्हर संपली. लिंबाजींनी मान वळवून पाहिलं, तर चिंगी सोफ्याच्या मधल्या गादीवर डोळे मिटून शांतपणे बसली होती आणि तिच्याखालून एक ओला नकाशा पसरत चालला होता.

लिंबाजींनी हाताला लागलं ते फडकं घेतलं आणि खसाखसा पुसलं. वाटीएवढा डाग ताटाएवढा झाला. मग त्यांनी संडासातलं फिनेल आणून ओतलं. आता खोलीत बसस्टँडच्या मुतारीचा वास सुटला. तीस वर्षांच्या नोकरीनंतर हा वास ओळखायला त्यांना कुणाची मदत लागत नव्हती. त्यांनी नांदेडला फोन लावला.

"फिनेल?" सुमनबाई पलीकडून ओरडल्या. "ओ, सोफा हाय का मोरी हाय ती? घासलं का तुमी?"

"घासलं."

"घासायचं नसतंय! कोरड्या कापडानं दाबून टिपायचं. मग व्हिनेगर आन् पाणी निम्मं-निम्मं लावा, वर खायचा सोडा टाका, वाळला की ब्रशनं झाडा. लोकाचं सामान हाय, ध्यानात ठेवा. शिल्पानं किती विश्वासानं किल्ली दिली."

व्हिनेगर कुठं मिळतं हे लिंबाजींना ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्यानं ते बाटलीभर दिलं आणि विचारलं, "काका, नूडल्स करून राहिलात का?"

"हाव," लिंबाजी म्हणाले. मांजरीची अब्रू चव्हाट्यावर मांडणं त्यांना बरं वाटेना.

सोडा टाकताच गादी फसफसली. लिंबाजी दोन पावलं मागं सरले. संध्याकाळी पूड झाडली तेव्हा वास खरोखरच गेला होता आणि डागही. पण नवीच पंचाईत उभी राहिली. डाग होता तिथं ताटाएवढा बदामी गोल उजळून निघाला होता, आणि बाकीचा सोफा तपकिरी होता. सोफा तपकिरीच आहे, असं गल्लीत सगळे समजत होते.

आता हा गोल लांबूनही दिसत होता. म्हणून त्यांनी मधली गादी पूर्ण धुतली. मग बाजूच्या दोन्ही काळ्या दिसायला लागल्या. त्या धुतल्या, तर सोफ्याची पाठ आणि हात विचित्र दिसले; मग तेही धुतले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तरी लिंबाजींनी स्वतःच्या घरचा अर्धा ड्रम त्या सोफ्यावर खर्च केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाद्या गच्चीवर उन्हात घातल्या आणि चिंगी पुन्हा चढू नये म्हणून सकाळपासून काठी घेऊन शेजारी बसले. दुपारी गाद्या जागेवर ठेवल्या तेव्हा बदामी रंगावर बारीक गुलाबी फुलं उमटली होती. लिंबाजींनी जन्मात घरचा पाट उचलला नव्हता. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ ती फुलं बघत उभे राहिले.

संध्याकाळी जोडपं परतलं. लिंबाजी सगळं कबूल करायचं म्हणून दारातच थांबले होते, पण सरांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"अरे! हा आपला सोफा? शिल्पा, बघ, बघ! मी काय म्हणत होतो? काय धाड भरलीय सोफ्याला? आणखी धा वर्षं हलत न्हाई! थांब, त्या औसा रोडच्या फर्निचरवाल्याला फोन करतो, उद्या टेम्पो पाठवू नको म्हणून." आणि सर फोन घेऊन बाहेर गेले.

सर लांब गेल्यावर शिल्पा हळू आवाजात म्हणाली, "काका, चिंगीनं काही घाण केली न्हाई का हो?" तिच्या आवाजात कसली तरी आशा होती.

"केली होती, पोरी. माझीच चूक, दार लावलं मी. पण वास ठेवला न्हाई बघ."

"कशाला काढला काका!" शिल्पा कळवळून म्हणाली. "दोन वर्षं झाली नव्या सोफ्यासाठी मागं लागून. काल देगलूरात माझ्या भावानं समजावलं तेव्हा कुठं हे हो म्हणले. आता न्हाई यायचा नवा."

माफी मागायची तर कशाची, डागाची की डाग काढल्याची, हे लिंबाजींना कळेना. ते गुपचूप घरी आले. सुमनबाईंना फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "सगळं येवस्थित झालं."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं. दोन दिवस वाकून कंबर धरली होती, म्हणून लिंबाजी हायसं वाटून सोफ्याकडं वळले. तेवढ्यात सर लगबगीनं पुढं झाले आणि त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"काका, तेवढं इथं बसा. सोफा आत्ताच धुतलाय."